वॉक सायकल शिकताय? या चुका टाळा, आणि पायांआधी कंबर बघा

वॉक सायकल म्हणजे अ‍ॅनिमेशनमध्ये कॅरेक्टरच्या चालण्याची, पुन्हापुन्हा फिरणारी दोन पावलं. माझ्या पहिल्या सायकलमध्ये कॅरेक्टर चालत नव्हतं, तेल सांडलेल्या फरशीवरून घसरत होतं, आणि वर दर पावलाला गुडघा असा उडायचा की मागून कोणी टाचणी टोचतंय. दोन रात्री मी नुसती गुडघ्याच्या मागे लागले होते. चूक गुडघ्यात नव्हतीच, कंबर जरा जास्त वर होती, बस्स. तेव्हापासून पायात काही बिघडलेलं दिसलं की आधी हिप कंट्रोलचा (कंबर हलवायच्या हँडलचा) कर्व्ह, म्हणजे हालचालीचा आलेख, उघडते, पायाला नंतर हात.

गुडघा का उडतो ते एकदा आकड्यांत बघा, मग विसरणार नाही. समजा मांडी 10 युनिट, पोटरी 10 युनिट. खुब्यापासून घोट्यापर्यंत अंतर 20 असेल तर पाय काठीसारखा सरळ. तेच अंतर 19.8 झालं, म्हणजे फक्त 1 टक्का कमी, की गुडघा जवळजवळ 16 अंश वाकतो! पुढचे 0.2 कमी केले तर अजून साधारण 7 अंशच. म्हणजे आयके पाय (ज्यात पाऊल आणि कंबर ठेवली की गुडघा सॉफ्टवेअर आपोआप वाकवतं) पूर्ण ताणलेला असला की कंबरेची केसभर हालचालसुद्धा गुडघ्याला झटका देते. उपाय सोपा आहे, कंबर थोडी खाली घ्या किंवा पाऊल आखूड करा, आणि कॉन्टॅक्टला (पुढची टाच जमिनीला टेकते ती पोझ) पाय सरळ दिसला तरी ताणून फुटेल इतका नको.

आता टायमिंग. 24 एफपीएसला (सेकंदाला 24 फ्रेम) शिकताना बहुतेक जण 24 फ्रेमचीच सायकल धरतात: 1 ला कॉन्टॅक्ट, 4 ला डाऊन (शरीर खाली), 7 ला पासिंग (एक पाय दुसऱ्याला ओलांडतो), 10 ला अप (शरीर वर), 13 ला दुसऱ्या पायाचा कॉन्टॅक्ट, मग तेच उलट पायाने, आणि 25 ला परत 1 ची कॉपी. आता 25 ची की (त्या फ्रेमला पक्की केलेली पोझ) हवीच, पण प्लेबॅक 24 लाच थांबवायचा, नाहीतर तीच पोझ लागोपाठ दोन फ्रेम दिसते आणि दर लूपला उचकी लागल्यासारखं होतं. रेंज बरोबर असूनही उचकी जात नसेल तर टँजंट (कीपाशी कर्व्हचा उतार) बघा. 1 ला कंबर वरून खाली येत असते, मध्येच असते, तिथे तुम्ही टँजंट फ्लॅट ठेवलात तर ती थबकणारच ना? 1 आणि 25 चा उतार सारखा पाहिजे.

आणि हो, सगळ्यात खालची पोझ कॉन्टॅक्टची नाही, डाऊनची. पाय फाकलेले असतात म्हणून नवीन माणसाला वाटतं तिथेच शरीर सगळ्यात खाली असेल, पण वजन पायावर येतं ते टाच टेकल्यानंतर. हे उलटं झालं की कॅरेक्टर फुग्यासारखं तरंगतं आणि आपण म्हणत बसतो की वजन का येत नाहीये.

पाय घसरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, जागच्या जागी चालणाऱ्या सायकलमध्ये जमिनीवरच्या पायाला इझ (हळू सुरू होऊन हळू थांबणं) दिलेला असतो. सॉफ्टवेअर आपोआप गोल कर्व्ह देतं आणि दिसायलाही तो छान दिसतो, पण जमीन काय इझ करत नाही. पाय 1 ला +30 वर आणि 13 ला −30 वर असेल तर 12 फ्रेममध्ये 60 युनिट, म्हणजे दर फ्रेमला 5, 7 ला बरोबर 0. तेवढा भाग लिनिअर (एकसारख्या वेगाचा) करा, आणि मागचं बॅकग्राउंड सरकवणार असाल तर तेही दर फ्रेमला 5 नेच, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. टाच 13 च्या आधीच उचलली जाते पण चवडा अजून टेकलेला असतो, त्यामुळे तपासताना चवड्यावरच्या एका पॉइंटकडे बघा.

बरेच जण फक्त बाजूच्या व्ह्यूत काम करतात आणि समोरून बघितलं की कळतं अरे, हे तर रुळावरून चालतंय. पासिंगला सगळं वजन एका पायावर असतं, तेव्हा कंबर त्या पायाच्या बाजूला सरकली पाहिजे आणि उचललेल्या पायाची बाजू किंचित खाली झुकली पाहिजे. किंचितच बरं का, जास्त केलं की लगेच रॅम्प वॉक होतो.

हात मी सगळ्यात शेवटी घेते, डोकं-हात लपवूनच काम करते. उजवा पाय पुढे तर डावा हात पुढे एवढं माहीत असतं सगळ्यांना, तरी घाईत एकाच बाजूचे होतात. जास्त खटकतं ते म्हणजे खांदा, कोपर, मनगट तिघं एकाच फ्रेमला वळतात आणि हात लाकडी दिसतो. कोपराच्या कीज एक-दोन फ्रेम मागे सरकवा, मनगटाच्या अजून एक-दोन, आणि सरकवल्यावर लूपचं टोक परत जुळतंय ना ते बघा, कारण उचकी तिथूनच परत येते.