चिऱ्याला सिमेंट फासण्याआधी
कोकणात घर बांधताय? मग चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा करायची घाई नको. जांभा सच्छिद्र, पावसात ओल पितो, उघडीप मिळाली की सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बंद केलं की ओल आत अडकते आणि गणपतीत कपाट सरकवलं की मागे बुरशीचे काळे ठिपके. आमच्याकडे झालंय हे. शेवटी गिलावा खरवडून काढला. करायचाच तर चुन्याचा करा. पण खरी राखण वळचणीची. छप्पर भिंतीबाहेर अडीच-तीन फूट काढा, पागोळ्या जोत्यापासून लांब पडतील. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्या अंगाला पडवी ठेवा. स्लॅबच हवा असेल तर वर उतरती कौलं चढवा (पत्रा नको, आवाजाने झोप उडते), मधे वाऱ्याला फट सोडून.