सेटलमेंट, पुनर्रचना की नादारी? ठरवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या शेजारच्या वहिनी कर्जाचे सगळे कागद चादरीच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत भरून घेऊन आल्या. नवऱ्याचे माग बंद पडलेले, घर त्यांच्या बिडीच्या मजुरीवर चाललेलं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "भाऊजी, मंगळसूत्र मोडते, पण एकदाचं सेटलमेंट करून टाकू." म्हणजे थोडी सूट घ्यायची आणि उरलेलं एकदम भरून खातं मिटवायचं. पिशवीत सात पाकिटं होती. त्यातली तीन फोडलेलीसुद्धा नव्हती.

मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत वसुलीचं काम केलं. तिथे सगळ्यात जास्त पाहिलेली चूक हीच. माणूस उपाय आधी ठरवतो आणि आपल्यावर नेमकं कोणत्या प्रकारचं कर्ज आहे ते नंतर बघतो. कुणी सेटलमेंट ऐकून आलेला असतो, कुणी कर्जमाफी. (राज्याच्या २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. मागाच्या, गाडीच्या किंवा वैयक्तिक कर्जाला त्यांचा उपयोग नव्हता.)

आम्ही सतरंजीवर चार ढीग केले. घर, सोनं किंवा माग तारण असलेलं कर्ज एकीकडे. जामीनदार असलेलं दुसरीकडे. तारणही नाही आणि जामीनदारही नाही, असं तिसरीकडे. आणि हातउसने, सावकाराचे शेवटी. प्रत्येक ढिगाला वेगळा कायदा लागतो, म्हणून हे करायचं.

उत्पन्न थांबलंय की आटलंय, हे न बघणं

पुनर्रचना म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून घेणं. ज्याचं उत्पन्न काही महिन्यांसाठी थांबलंय आणि परत सुरू होणार आहे, त्याला ती शोभते. उत्पन्न कायमचं आटलं असेल, तर पुनर्रचनेने दुखणं फक्त लांबतं. हिशेब मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर करा. टॉवेलच्या ऑर्डरी जोरात असतानाचा एखादा महिना धरू नका. समजा सरासरी २२,००० येतात, घरखर्चाला १५,००० लागतात, तर हप्त्यांना ७,००० उरतात. सगळे हप्ते मिळून १६,५०० असतील आणि मुदत वाढवून ते ७,००० च्या आत येत असतील, तर पुनर्रचनेचा लेखी अर्ज द्या. येत नसतील, तर कितीही गोड बोलून नवा करार पुढे केला तरी सही करू नका.

हा अर्ज हप्ता थकायच्या आत गेला तर त्याला वजन असतं. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि समोरच्याची भाषा बदलते.

हातात पैसा नसताना सेटलमेंट

सेटलमेंट म्हणजे एकरकमी परतफेड, आणि ती नावाप्रमाणेच एकरकमी असते. ठरलेल्या तारखेला पूर्ण रक्कम भरली नाही, तर बहुतेक करारांत सवलत रद्द होते आणि जुनी बाकी व्याजासकट परत उभी राहते. ही रक्कम सावकाराकडून उचलणारे मी डोळ्यांनी पाहिलेत. महिना पाच टक्क्यांनी लाखाला दरमहा ५,००० नुसतं व्याज. बँकेचं कर्ज फिटलं म्हणून पेढे वाटले आणि वर्षभरात ६०,००० व्याज भरूनही लाख तसाच उभा.

पुढच्या तारखांचे चेक देऊन सेटलमेंट करणंही तितकंच घातक. चेक वटला नाही, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाहीतर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ चा फौजदारी खटला होऊ शकतो. साधं दिवाणी देणं आपल्याच हाताने फौजदारी करून घेतल्यासारखं आहे ते.

"हप्ते बंद करा, आमची फी भरा, अर्ध्यात मिटवून देतो" असं सांगणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहा. त्यांची फी जाते आणि तेवढ्या काळात दंड वाढत राहतो.

जे जाणारच नव्हतं, ते विकणं

वहिनींचं मंगळसूत्र कुठेही तारण नव्हतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे धार्मिक रिवाजाने स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असा दागिना, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, मजुराची मजुरी आणि प्रॉव्हिडंट फंड यांच्यावर न्यायालयाच्या हुकूमनाम्याने जप्ती येत नाही. हे ऐकल्यावर त्यांनी मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. विनातारण कर्जासाठी पीएफ काढणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

तुरुंगाची भीतीही अशीच. पैशाच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही, त्याच संहितेच्या कलम ५६ मध्ये तसं स्पष्ट आहे. पुरुषालाही नुसते पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही. ऐपत असून बुडवतोय किंवा मालमत्ता लपवतोय, हे न्यायालयाला आधी पटावं लागतं.

नोटिशीला उत्तर न देणं

पतसंस्थेचं कर्ज असेल, तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडे सुनावणी होते आणि वसुलीचा दाखला निघतो. व्याज चुकीचं लावलंय, भरलेली पावती जमेला नाही, हे सांगायची जागा ती सुनावणी. लोक जात नाहीत. मग दाखला निघाला की त्याविरुद्ध पुनरीक्षणाला (वरच्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणीला) जाताना निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मी टेबलाच्या पलीकडे होतो तेव्हा अशा किती तरी सुनावण्या रिकाम्या खुर्चीसमोर झाल्या.

घर तारण असेल, तर बँकेची सरफेसी कायद्याची (न्यायालयात दावा न करता तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याची) नोटीस ६० दिवसांची असते. त्या मुदतीत लेखी हरकत दिली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली, तर कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस मिळतात. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

नादारीबद्दल मोबाईलवर वाचून निर्णय घेणं

नादारी म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं न्यायालयाकडून जाहीर करून घेणं, दिवाळखोरीच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत छोट्या कर्जदारांसाठी ३५,००० पर्यंतच्या कर्जातून मोकळं होण्याची तरतूद लिहिलेली आहे. पण ती सामान्य माणसासाठी अजून अमलातच आलेली नाही. व्यक्तींपैकी फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना ही संहिता १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. सोलापूरच्या माणसासाठी आजही १९२० चाच प्रांतिक नादारी कायदा, आणि अर्ज जिल्हा न्यायालयात.

तो कुणाला उपयोगी? विनातारण देणी अनेक आहेत, हुकूमनामे निघालेत, विकण्यासारखं फारसं काही नाही, अशा माणसाला. मुख्य कर्ज घरावरचं असेल, तर उपयोग थोडा, कारण तारण घेणाऱ्याचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. आणि नादारीतून तुम्ही सुटलात तरी जामीनदार सुटत नाही. जामीन सख्ख्या मेहुण्याने दिला असेल, तर त्याला आधी विश्वासात घ्या. घर घाईघाईने बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून मग अर्ज देऊ नका. त्यानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो.

सावकाराला बँकेच्या रांगेत बसवणं

आधी त्याचा परवाना विचारा. विनापरवाना सावकारी २०१४ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. सावकारीपोटी जमीन-घर लिहून घेतलं असेल आणि त्याला १५ वर्षं झाली नसतील, तर चौकशी होऊन ते परत मिळू शकतं.

लोकअदालतीत घाईची सही

लोकअदालत चांगली आहे, फी नाही, प्रकरण तिथेच मिटतं. पण तिच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून हप्ता झेपतो का, हे घरून ठरवून जा. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. वहिनींना हे माहीतच नव्हतं. तिथल्या वकीलबाईंनीच पतसंस्थेचा हिशेब परत मागवला.

पैसे भरले आणि कागद राहिले

सेटलमेंटच्या पत्रात रक्कम, तारीख, दावा मागे घेणं आणि जामीनदाराची नावासकट मुक्तता, हे सगळं हवं. तोंडी शब्दावर एक रुपया भरू नका. क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं 'सेटल्ड' दिसेल, पूर्ण फेडलेलं दिसणार नाही. त्याच बँकेकडून नवं कर्ज किमान १२ महिने मिळणार नाही, तेव्हा मुलीच्या शिक्षणकर्जाचा विचार आधीच करून ठेवा. तारणाचे मूळ कागद बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात, तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई मिळते.

वहिनींचं सेटलमेंट झालं नाही, त्यांना त्याची गरजच नव्हती. पतसंस्थेने मुदत वाढवून दिली. त्या मंजुरीच्या पत्रात जामीनदार दिराचं नाव चुकलंय, ते दुरुस्त करून घ्यायला आम्ही सोमवारी परत जाणार आहोत.