‘मोलोप्स’ : १ पेत्र २:२४ मधील शब्द कसा वाचावा

बायबलच्या नव्या करारात ‘मोलोप्स’ हा ग्रीक शब्द १ पेत्र २:२४ (‘ज्याच्या … तुम्ही बरे झालात’) या एकाच वचनात येतो. तेथे अन्य दाखला नसल्याने, त्याचा अर्थ लावण्यासाठी प्रथम जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे, म्हणजे सेप्तुआजिंतकडे वळावे. पेत्राने जुन्या करारातील ज्या यशया ५३:५ चा आधार घेतला आहे, तेथे हाच शब्द आहे. मात्र अर्थाचा उलगडा यशया १:६ मध्ये अधिक होतो, कारण तेथे ‘त्राउमा’, ‘मोलोप्स’ आणि ‘प्लेगे’ हे तिन्ही शब्द एकापुढे एक आले आहेत. ‘त्राउमा’ म्हणजे जखम. लूक १०:३४ मधील शोमरोनी (शोमरोन प्रांतातला वाटसरू) वाटेत पडलेल्या माणसाची तीच बांधतो. ‘प्लेगे’ म्हणजे मुळात प्रहार, आणि त्यावरून झालेली इजाही. ‘मोलोप्स’ म्हणजे फटक्याने अंगावर उठलेली खूण. तिला आपल्याकडे नेमका शब्द आहे : वळ. ‘व्रण’ येथे टाळावा, कारण मराठीत तो जखम भरल्यावर उरलेली खूण सुचवतो.

आता विभक्ती पाहावी. मूळ अंग ‘मोलोप्-’, षष्ठी ‘मोलोपोस’, आणि वचनातील रूप ‘मोलोपि’. व्याकरणात याला चतुर्थी म्हणतात, परंतु म्हणून ‘वळाला’ असे भाषांतर करू नये. ग्रीकमध्ये तृतीयेचे वेगळे रूप नसल्याने साधनाचा अर्थही चतुर्थीच वाहते, म्हणून ‘ज्याच्या वळाने’. रूप एकवचनी असले तरी अर्थ समूहवाचक घेता येतो, त्यामुळे ‘वळांनी’ हेही चूक नाही.

क्रियापद ‘इआथेते’ हे भूतकाळी, कर्मणी, द्वितीय पुरुषी अनेकवचन आहे. ‘तुम्ही बरे झालात’ हे मराठीला सहज वाटते, पण त्यात बरे करणारा दुसरा कोणी आहे ही छटा पुसट होते. यशयातील ‘आम्ही’ येथे ‘तुम्ही’ झाले आहे, आणि हे ‘तुम्ही’ कोण ते २:१८ सांगते : घरातील दास. विसाव्या वचनात त्यांना बसणाऱ्या माराचाही उल्लेख आहे, म्हणूनच ‘जखम’ या सर्वसाधारण शब्दापेक्षा ‘वळ’ मला अधिक योग्य वाटतो.

नाशिकच्या वाचकाला दासांचा हा संदर्भ दूरचा वाटू नये. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये शिकवले जात असे, आणि १८७३ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंग्स्टन याच्या मृत्यूनंतर त्याचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांपैकी जेकब वेनराइट हा नाशिकलाच शिकलेला होता.