नागपूरहून मुंबईच्या फोर्टात: गाइड न घेता पायी कसं फिरायचं

विदर्भ एक्सप्रेस असो की दुरांतो, दोन्ही गाड्या सकाळी थेट सीएसएमटीला लागतात, म्हणजे जिथून हा वॉक सुरू करायचा तिथेच आपण उतरतो, आणि तरी आपली बहुतेक मंडळी उतरल्या उतरल्या लोकल पकडून ठाण्या-डोंबिवलीच्या नातेवाइकांकडे निघून जातात. माझं म्हणणं आहे की एक दिवस थांबा. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका (बॅगेला कुलूप पाहिजे, नाही तं घेत नाहीत, आणि तिकीट जवळ ठेवा), तोंड धुवा, चहा घ्या आणि चालायला लागा.

शक्यतो रविवार निवडा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच या. फोर्ट हा ऑफिसांचा भाग आहे, रविवारी सकाळी रस्ते मोकळे असतात, मान वर करून इमारती पाहता येतात, कोणी धक्का मारत नाही. तोटा एवढाच की काही इमारती आतून पाहायला मिळत नाहीत. आपल्याला उन्हाची सवय आहे म्हणून फुशारक्या मारू नका, मुंबईचा घाम वेगळा आहे, तो वाळतच नाही, त्यामुळे पाण्याची बाटली आणि सुती कपडे पाहिजेच. मॅप आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. सीएसएमटी ते गेटवे सरळ गेलं तर अडीचेक किलोमीटर आहे पण आपण आडव्यातिडव्या गल्ल्यांतून जाणार, म्हणून चार तास धरून चला.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या इमारतींच्या नावांची यादी घेऊन फिरलात तर तासाभरात कंटाळाल, सगळं एकसारखं दिसायला लागतं. डोक्यात एक धागा पाहिजे, आणि आपल्यासाठी तो धागा कापसाचा आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना इथला कापूस लागला, भाव कुठल्या कुठे गेले, मुंबईत पैशाचा पूर आला. गुजरातचा, खानदेशचा आणि आपल्या वऱ्हाडाचाही कापूस त्यात होता. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली तीही बरीचशी याच कापसासाठी. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरने जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली, आणि आज जे भव्य दिसते त्यातलं बरंच त्या मोकळ्या झालेल्या पट्ट्यात उभं आहे.

सीएसएमटी आतून पाहून लगेच पळू नका, रस्ता ओलांडून समोरून पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्सचं काम, १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ आहे, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे भारत. समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. भूक लागली असेल तर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत आरामचा वडापाव खा. मग डी. एन. रोडने दक्षिणेकडे, पण फुटपाथवरच्या कमानींखालून, तिथे ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंनी अशा कमानी ठेवायच्या हा १८९६ चा नियम होता म्हणून एवढ्या वेगवेगळ्या इमारती असूनही रस्ता एकसंध वाटतो. वाटेत वाच्छा अग्यारी (पारशांचं अग्निमंदिर) लागते, पारशी नसाल तर आत जाता येत नाही, बाहेरूनच पाहा.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं, किल्ल्याचा चर्च गेट होता त्या जागी. बाजूलाच हुतात्मा स्मारक आहे, २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात इथे गोळीबार झाला होता. इथे दोन मिनिटं उभे राहाच, वेगळ्या विदर्भाबद्दल तुमचं मत काहीही असो.

इथून डावीकडे वळा. सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ चं आहे आणि जुन्या मुंबईचे मैलाचे दगड याच्यापासून मोजायचे, आपल्या नागपूरच्या झिरो माइलच्या खांबापासून निघालेला माणूस मुंबईच्या झिरोवर येऊन उभा राहतो, मला हे फार आवडते. पुढे हॉर्निमन सर्कल. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. बाग व्हायच्या आधी हे उघडं मैदान होतं आणि इथे कापसाच्या गासड्यांचे ढीग पडायचे. समोर १८३३ चा टाउन हॉल, ३० पायऱ्या आहेत, वर चढून मागे वळून पाहा. याच परिसरात वडाच्या झाडाखाली दलाल जमायचे आणि त्यातूनच पुढे शेअर बाजार उभा राहिला. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि अर्धी मुंबई बुडाली.

त्या दलालांमधलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद, तेही बुडाले, पण त्यांनी दिलेल्या पैशातून युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर झाला, आईच्या नावाने, १८७८ ला पूर्ण. तो पाहायला परत फाउंटनवरून ओव्हल मैदानावर या. टॉवरच्या शेजारीच हायकोर्ट, ज्याचं खंडपीठ आपल्याकडे सिव्हिल लाइन्सला आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला गॉथिक (टोकदार कमानी आणि मनोऱ्यांची जुनी शैली) आणि पश्चिमेला आर्ट डेको (गोलसर, साध्या रेषांची नंतरची शैली), २०१८ पासून हे दोन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत आहे. पश्चिमेची बाजू समुद्रात भराव टाकून झाली, आधी हायकोर्टासमोर थेट समुद्र दिसायचा.

काळा घोडा, निळं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), म्युझियम हे रस्त्यातच आहे, म्युझियम पाहायचं असेल तर वेगळा दिवस काढा, घाईत मजा नाही. शेवटी गेटवे. सगळे गेटवेचे फोटो काढतात पण आधी ताज हॉटेल पाहा, ते १९०३ चं, गेटवे पूर्ण झालं १९२४ ला. आणि ताज बांधणारे जमशेटजी टाटा म्हणजे तेच, ज्यांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गांधीसागरजवळच्या एम्प्रेस मॉलमध्ये फिरून राहिलेल्या पोरांना हे सांगा, मिल तिथलीच.

शहीद भगतसिंग मार्गावर नौदलाची हद्द लागते, तिथे मोबाइल खिशात ठेवा. संध्याकाळची विदर्भ पकडायची असेल तर साडेपाचच्या आत गेटवे सोडा, टॅक्सी मीटरनेच घ्या, आणि क्लोकरूमला कधी कधी रांग असते तेवढा वेळ हातात ठेवा.