पोस्टर छापण्याआधी ए-४ची चाचणी

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर तयार करताना, मोठी छपाई करण्याआधी त्याची एक प्रत साध्या ए-४ कागदावर अवश्य काढावी. पोस्टर ए-० आकाराचे (८४१ × ११८९ मिमी) असेल, तर या प्रतीत प्रत्येक अक्षराची उंची एक चतुर्थांश होते. त्यामुळे हातभर अंतरावरून तिच्यावर जे सहज वाचता येते, तेच प्रत्यक्ष पोस्टरवर चार हातांवरून, म्हणजे परीक्षकांच्या मागे उभ्या असलेल्यांनाही, वाचता येईल. जे वाचता येत नाही ते कोंबून ठेवण्यापेक्षा काढून टाकावे आणि तोंडी सांगावे, असा माझा आग्रह आहे. आलेखांच्या अक्षांवरील आकडे विशेष काळजीने तपासावेत. बहुधा तेच सर्वांत बारीक राहून जातात.