केंद्रीय सीमा प्रमेय वापरताना या चुका टाळा

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत ‘नमुना मोठा असल्यामुळे माहिती प्रसामान्य झाली’ अशा अर्थाचे वाक्य हमखास आढळते. ते चूक आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका याच गैरसमजातून निघतात. नमुना पुरेसा मोठा असला की त्याच्या माध्याचे (सरासरीचे) वितरण प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वितरणाजवळ जाते, असे हे प्रमेय सांगते; ते मुळात नमुन्याच्या माध्याबद्दल किंवा बेरजेबद्दल आहे, सुट्या निरीक्षणांबद्दल नाही. एक लाख कुटुंबांचे उत्पन्न नोंदवले, तरी त्याच्या आलेखाचे उजवीकडचे लांब शेपूट कायम राहते. नमुना वाढवल्याने आलेख समष्टीच्या, म्हणजे ज्यातून नमुना घेतला त्या संपूर्ण गटाच्या, खऱ्या आकाराजवळ जातो, मग तो आकार कितीही विषम असो.

म्हणून गणिताला हात घालण्यापूर्वी, प्रश्नातले वितरण समष्टीचे आहे, हाती आलेल्या एका नमुन्याचे आहे, की त्याच आकाराचे नमुने पुन्हा पुन्हा घेतल्यास मिळणाऱ्या माध्यांचे आहे, हे ठरवावे. समजा, बसची वाट पाहण्याचा वेळ घातांकी वितरण पाळतो आणि त्याचे माध्य १० मिनिटे आहे. या वितरणात प्रमाण विचलनही (किमतींच्या पसरटपणाचे मापही) माध्याइतकेच, म्हणजे १० मिनिटे असते. एका प्रवाशाला १२ मिनिटांहून अधिक थांबावे लागण्याची संभाव्यता विचारली असेल, तर ती थेट घातांकी सूत्राने काढावी. ती सुमारे ०.३० येते आणि तिथे प्रमेयाची गरजच पडत नाही. मात्र ६४ स्वतंत्र वेळांचे माध्य १२ मिनिटांहून अधिक असण्याची संभाव्यता विचारली असेल, तर १० ला ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८ ने भागून प्रमाण त्रुटी (माध्याचे प्रमाण विचलन) १.२५ मिळते, झेडची किंमत, म्हणजे १२ हे १० पासून किती प्रमाण त्रुटी दूर आहे तो आकडा, १.६ येते आणि उत्तर ०.०५५ च्या आसपास निघते. वर्गमुळाने भागायचे राहून गेले, तर झेड ०.२ आणि उत्तर ०.४२ येते. ‘स्वतंत्र’ हा शब्दही नजरेआड करू नये: एकाच थांब्यावर एकाच बससाठी ताटकळलेल्या ६४ जणांचे वेळ एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे वरचे गणित त्यांना लागू पडत नाही.

‘नमुन्यात ३० निरीक्षणे असली की पुरे’ हा नियम ढोबळ आहे आणि तो पाठ करून वापरणे मला धोक्याचे वाटते. मालात २ टक्के नग सदोष असतील, तर ३० नगांत एकही सदोष न सापडण्याची संभाव्यता सुमारे ०.५५ असते, निम्म्याहून अधिक भार शून्यावरच साचलेल्या वितरणाला घंटेचा आकार कुठून येणार? इथे ठरावीक नगांपैकी सदोष किती याचे वितरण, म्हणजे द्विपद वितरण, किंवा त्याचे जवळचे रूप म्हणून प्वासाँ वितरण वापरावे.

द्विपदाच्या जागी प्रसामान्य वितरण वापरताना सातत्य दुरुस्ती, म्हणजे पूर्णांकाची सीमा अर्ध्याने सरकवणे, विसरू नये. नाणे १०० वेळा उडवल्यास ६० किंवा अधिक छापा पडण्याची अचूक संभाव्यता ०.०२८४ आहे. सरळ ६० घेऊन ०.०२२८ मिळते, तर ५९.५ घेतल्यास ०.०२८७.

शेवटची अट म्हणजे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सान्त, म्हणजे अनंत नसलेले, असणे. ती क्वचितच तपासली जाते, कारण पाठ्यपुस्तकातील बहुतेक वितरणे ती आपोआप पाळतात. कोशी वितरण मात्र ती पाळत नाही, आणि त्यातून घेतलेल्या हजार निरीक्षणांच्या माध्याचे वितरण एकाच निरीक्षणाच्या वितरणाइतकेच पसरट राहते.