कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात?
आधी सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एसएमपीएसमधले (म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातले) फिल्टर कपॅसिटर अगदी थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्याकडे, म्हणजे अर्थकडे सोडत असतात. अर्थची वायरच जोडलेली नसेल, तर तो करंट तुमच्या बोटांतून वाट काढतो. जुन्या घरांत सॉकेटचं तिसरं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. रबरी चप्पल घालून काम भागवणं हा काही उपाय नव्हे.

रॅम काढायला कॅबिनेट उघडणार असाल, तर भिंतीवरचं बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. मग पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा. मदरबोर्डवर उरलेला चार्ज बराचसा निघून जातो.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडूच नका. आत 230 व्होल्ट एसीचे सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहू शकतात. नुसता पंखा बदलायला म्हणून तो खोलणारे बरेच भेटतात (यूट्यूबवर तर जास्तच!). त्यापेक्षा नवा एसएमपीएस परवडला.